शेवंतीची डॉक्टरकी

पार्सेचे गोकुळदास हल्ली एका सकाळी तीनदा पावाचे उंडे खायचे, कारण आधी खाल्ल्याचं त्यांना आठवतच नसे. जुनी भजनं मात्र अजून तोंडपाठ. बायको शेवंती त्यांना पणजीला घेऊन गेली. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, तेव्हा तिला रडूच आलं.

परतीच्या बसमध्ये गोकुळदासांनी विचारलं, "डॉक्टरान काय सांगल्यान गो?"

"कानाच्या बाजूक, डोक्यात खोलवर मेंदूचो एक भाग आसा. नवी गोष्ट थंय टिपली जाता. तोच आधी बिघडता."

पर्वरीला त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. गिरीला तिनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "पण तोच भाग कित्याक?"

"त्या पेशी सारख्या राबतत, त्यांचे धागे लांबवर गेलेले. म्हणान खराब प्रथिनां थंयच आधी साठतत, असा शास्त्रज्ञांक वाटता."

"राबणाऱ्याकच आधी रोग?"

"तसा आसता तर आमच्या घरात तो आधी माका झालो आसतो!"

अख्खी बस हसली. म्हापशापर्यंत तिचं सांगणं इतकं घोटून झालं की मागच्या सीटवरची बाई पुढे सरकली. "वहिनी, आमच्या सासूचंही असंच आहे, जरा समजावा ना."

शेवंती हातवारे करत समजावू लागली. गोकुळदास कौतुकानं ऐकत होते. शेवटी ते कंडक्टरला म्हणाले, "ही डॉक्टरीण बरी सांगता. पुढच्या खेपेक हिच्याकडेच येतलंय."

शेवंतीनं त्यांचा हात धरला.

"या हां," ती म्हणाली. "मी घराकच आसतंय."