धुराचा ठपका

मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. भंगार म्हणाल तर मात्र गाठ माझ्याशी आहे. मित्रांनो, मी बिडाची शेगडी आहे. चार आखूड पाय, पुढे काचेचे दार, पोटात लाकडांचा जाळ आणि पाठीला धुराडे. माझी बाजू आजवर कोणी मांडली नाही, म्हणून मीच मांडते.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले गेले आणि मी निवल्यावर म्हाताऱ्या ओताऱ्याने हातोडीचा हलका ठोका मारून कान लावला. तडा गेलेले बीड बद्द वाजते. मी खणखणीत वाजले. "पाठवा कुठंही," तो म्हणाला, "ही आपल्याला मान खाली घालायला लावणार नाही."

मी गेले पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. हिवाळ्यात तिथे सरस गोठत असे आणि पुठ्ठ्यांना बाक येत असे. सरसाचे भांडे माझ्या डोक्यावर ठेवले की काम सुरू होई. मालकांची लेक माझ्याजवळ बसून अभ्यास करी. मालक गिऱ्हाइकांना सांगत, "कारागीर दोन, आणि तिसरी ही." पुढे विजेचा हीटर आला. मग माझी रवानगी मागच्या अंगणात झाली आणि माझ्या डोक्यावर फुलझाडांच्या कुंड्या आल्या. वरून मी गंजले. आतून गंजायला मी बांधील नव्हते.

कारखाना बंद झाला तेव्हा त्याच लेकीने मला आपल्या सासरी आणले. घरात नवरा आणि सासूबाई. थंडीने सासूबाईंचे गुडघे धरत असत, आणि सुनेने त्यांना शब्द दिला होता, "हा हिवाळा तुम्ही या खोलीत उबेत काढाल." त्या शब्दाचा भार माझ्या चार पायांवर होता.

मला तारेच्या ब्रशने घासले, नवा काळा रंग दिला, भिंतीपासून दूर दगडी फरशीवर उभे केले आणि छतातून नवे धुराडे बाहेर काढले. पहिला जाळ लहानसा करायचा असतो, म्हणजे रंग पक्का बसतो. त्याचा वास येतो म्हणून सुनेने सगळ्या खिडक्या उघडल्या. मी शहाण्यासारखी जळले. धुराची एक रेषही खोलीत आली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी खरा जाळ करायचा होता. ऊब राहावी म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. सुनेने स्वयंपाक चढवला, नवऱ्याने माझ्यात लाकडे रचून काडी लावली, आणि पाहता पाहता खोली धुराने भरली. शेजारी पाण्याची बादली घेऊन धावत आले.

"म्हटलं नव्हतं?" नवरा खोकत म्हणाला. "तुझ्या माहेरचं लोखंड आमच्या डोळ्यांत गेलं."

सासूबाईंनी डोळे पुसले. "सूनबाई, ऊब म्हणाली होतीस. रडू नव्हे."

नवऱ्याने भंगारवाल्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. मी ओशाळले असेन असे तुम्हांला वाटेल, मित्रांनो. मुळीच नाही. ठपका माझ्यावर होता. दोष माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला येण्याआधी सून माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. तिने थोड्या वाळक्या काटक्या पेटवल्या. पुन्हा धूर. पण या वेळी ती डोळे मिटून मागे सरली नाही. धूर कुठे जातो ते पाहत राहिली.

"वर जायचं सोडून हा स्वयंपाकघराकडे का पळतोय? आई, तिकडे काय करताय?"

"काय करणार? फोडणी देतेय. मी फक्त पंखा लावलाय," सासूबाई आतून म्हणाल्या. "आता तोही माझाच गुन्हा का?"

पंखाच तो. स्वयंपाकघरातला तो पंखा आदल्या संध्याकाळसारखाच घरातली हवा बाहेर फेकत होता. खिडक्या बंद, दारे बंद. मग बाहेरची हवा माझ्या धुराड्यातून खाली ओढली जाई आणि धुरालाही सोबत घेऊन येई. अख्खे घर नाक दाबून बसले होते आणि खोकल्याचा आळ माझ्यावर.

सुनेने पंखा बंद केला, खिडकी बोटभर उघडली आणि थंडगार धुराडे तापावे म्हणून त्याच्या तोंडाशी कागदाचा पेटता बोळा धरला. ज्योत सरळ वर खेचली गेली. मी घुमले. सगळा कारखाना ऐकत असे, तशी घुमले.

तेवढ्यात भंगारवाला दारात. "माल कुठाय?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. सासूबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले.

"माल नाही इथं," त्या म्हणाल्या. "शेगडी आहे. आलाच आहात तर हात शेकून जा."

आता रोज सकाळी नवराच माझी राख काढतो. काढताना पुटपुटतो, पुटपुटू दे.

मित्रांनो, कोणी तुमची करुणा भाकेल, मी भाकणार नाही. ओले लाकूड माझ्या दाराशी आणू नका. धुराडे वर्षातून एकदा झाडा. धूर झालाच, तर आधी पंखा पाहा, खिडकी पाहा, धुराड्यातली काजळी पाहा. एवढे सगळे पाहूनही दोष माझाच वाटला, तर खुशाल बोलवा त्या भंगारवाल्याला. त्याच्या गाडीपर्यंत मला उचलून न्यायची छाती कोणाची आहे, ते मीही पाहते.