गोजरबाईचा फ्लेक्स

आमच्या जानेफळात म्हाताऱ्या बाईचा फोटो चौकात लागतो तो ती मेल्यावरच. तोही आधार कार्डावरचा. कार्ड काढताना बाईला ना पदर सारखा करू देतात, ना केसांवरून हात फिरवू देतात, आणि मग तोच बावरलेला चेहरा दारापेक्षा मोठा होऊन स्टँडसमोर लटकतो. खाली लिहिलेलं असतं, भावपूर्ण श्रद्धांजली. हे फ्लेक्स माझा नवरा प्रसेनजित बनवतो. स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि भिंतीला भिंत लागून माझं कटलरीचं दुकान. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत, हे पुण्याच्या पाहुण्यांना दर खेपेला सांगावं लागतं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, एक ग्रॅमचे हार. मंजुश्री जित्त्यांना सजवते आणि तिचा नवरा मेलेल्यांना, अशी गावात आमची चेष्टा चालते. चालू दे. दोन्ही धंदे बरे चालतात.

दिवाळीनंतर रुख्मिणीबाई वारली. तिचा फ्लेक्स माझ्या दुकानासमोरच लागला आणि दहावं-तेरावं होऊन गेलं तरी तसाच होता, कारण फ्लेक्स लावायला चार जण येतात, काढायला कुणी येत नाही. तिची जाऊ गोजरबाई एकदा पिना घ्यायला आली, स्टुलावर टेकली आणि समोर बघत राहिली. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. तिच्या वावरात माझी आई तण निंदायला जायची. तेव्हापासून ती मला मंजू म्हणते आणि मी तिला मावशी.

"हे रुखमी हाये?" ती म्हणाली.

"हाव. आधार कार्डावरचा फोटो हाये."

"पोलिसानं धरून आनल्यावानी दिसून राह्यली." मग तिनं कमरेची पिशवी सोडून आपलं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. त्या कार्डावर तर तिचा एक डोळा अर्धा मिटलेला होता. "मी मेली का ज्ञानेश्वर हाच लावन ना?"

"लावतीनच."

"आन मले तो दिसन काय?"

मी पिना कागदात बांधल्या.

ज्ञानेश्वर म्हणजे तिचा मुलगा, सोसायटीचा संचालक. त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर त्याच्याभोवती ताटातल्या वाट्यांसारखे मित्रांचे गोल गोल चेहरे असतात. गोजरबाईनं घरी जाऊन त्याला सांगितलं की मलाही वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिजे, जित्तेपणी, आणि त्यावर मी नीट दिसली पाहिजे. तो म्हणाला, बुढी झाली, विधवा बाई, काय नखरे सुचतात, लोक हसतील. हे सगळं तिनं दुसऱ्या दिवशी मला जसंच्या तसं सांगितलं. तिच्या आवाजात रडं नव्हतं. बसस्टँडवर बस चुकल्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"त्यानं नाही म्हटलं, म्हनून तं तुह्याकडं आली," ती म्हणाली. "मले एकदा पाह्यचं हाये, मी कशी दिसतो ते. साऱ्या गावानं पाह्यलेलं पाह्यचं हाये. मेल्यावर त्याले जे लावाचं ते लावू दे."

वाढदिवस मात्र कार्डावर होता. एक जानेवारी. आमच्या अर्ध्या गावातल्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती आणि कार्ड काढणाऱ्याला तेवढा वेळ नव्हता.

कसं दिसायचं हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. लग्न नवीन असताना नवऱ्याबरोबर ती चिखलीला बाजाराला गेली होती. तिथे एक फोटो स्टुडिओ. भिंतीवर रंगवलेला बगीचा आणि बाजूला खिळ्यांवर गिऱ्हाइकांसाठी टांगलेला साज. मोत्याची माळ, कानातले, रिबिनी, काळा गॉगल. पुढची बाई ते घालून खुर्चीवर बसली होती, मान अशी तिरपी. गोजरबाईची पाळी आली तेव्हा नवरा म्हणाला, फोटोनं आयुष्य कमी होतं, मायनं सांगतलं का सुनेचा काढायचा नाही. मग त्यानं स्वतःचा काढला. तेवढा वेळ माळ हिच्या हातात होती.

"तसं करून दे," ती म्हणाली.

आता हे 'तसं' मला नवीन नाही. कॉलेजच्या पोरी मोबाईल नाचवत येतात, ताई, रेट्रो लुक पायजे, सेट हाये काय? माझं डोकं फिरतं. रेट्रो पाकिटात येत नाही, मी त्यांना सांगते, घरात आणि दुकानात पडलेलं असतं ते नीट बघावं लागतं. पोरी हसतात आणि ऑनलाइन मागवतात. येतं ते प्लॅस्टिक. प्लॅस्टिकचा मोती हलका असतो, चाललं की गळ्यावर उड्या मारतो. जुन्या फोटोतल्या बायकांचा मोती कसा गप्प बसलेला असतो? तो काचेचा असतो.

माझ्याकडे महालक्ष्म्यांना घालायच्या काचमोत्यांच्या लांब माळा उरल्या होत्या. दोन माळा एकत्र घेतल्या, मानेमागे रिबिनीनं आवळून गळ्यालगत बसवल्या. कानांचं अवघड होतं. जन्मभर जड दागिने वागवून तिच्या पाळ्या फाटलेल्या, त्यात काही अडकत नव्हतं. मग कान न टोचलेल्या लहान पोरींसाठी असतात ते दाबाचे कानातले काढले, पांढरे, गोल, शर्टाच्या गुंडीएवढे. तिच्या कानावर ते असे शोभले की मीच थांबून बघितलं. केस विरळ. पुढे फुगा आणण्यासाठी बांगड्यांच्या खोक्यातला स्पंज कापून आत घातला, वरून तिचेच केस फिरवले, मागे गंगावन लावून अंबाडा घातला आणि त्याला शाळेच्या पोरींची पांढरी रिबीन बांधली. जोडीतलं एक हरवलेल्या कानातल्यांचा एक डबा माझ्याकडे आहे, फेकवत नाहीत. त्यातलं एक खड्याचं फूल पिनेनं खांद्यावर पदराला लावलं. गॉगल प्रसेनजितच्या खणात निघाला. तिनं तो डोळ्यांवर घातला नाही, हातात धरला. सगळं मिळून चिखलीतल्या एका थाळीच्या पैशांतही झालं असतं. साडी तिचीच होती, फिकट राखाडी.

शेवटी टिकल्यांचं पाकीट हातात घेतलं आणि माझा हात अडखळला. बारीकशी काळी टिकली तर विधवाही लावतात आता, म्हणून विचारलं.

"नको," ती म्हणाली. "कुकू त्याईच्या नावाचं होतं. हे सारं माह्या नावाचं हाये."

मी पाकीट खाली ठेवलं. त्या वेळी मला ती फार आवडली.

आरशात ती खूप वेळ बघत होती. "बरी दिसतो ना मी?" असं तिनं विचारलं, पण मला नाही, आरशाला. शेजारी प्रसेनजितनं दिवे लावले, खुर्ची दिली, म्हणाला, मावशी, हसा. ती हसली नाही. तिनं मान तिरपी केली, हनुवटी थोडी वर उचलली आणि कॅमेऱ्याकडे असं बघितलं, जणू त्याच्याकडून तिचं काही येणं आहे.

"रंग काढून टाक," ती त्याला म्हणाली. "त्या टायमाले रंग नव्हता."

त्यानं फोटो काळापांढरा केला. यातून घोटाळा होईल असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. फोटो इतका सुरेख आला होता की कुणाच्या आलं असतं?

एक जानेवारीला उजाडता उजाडता त्यानं फ्लेक्स बांधला, रुख्मिणीबाईच्या जागी. वर गोजरबाई, खाली मोठ्या अक्षरांत 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. थोड्या वेळानं फ्लेक्सखालची चहाची टपरी उघडली. टपरीवाल्यानं थंड वारा अडवायला ताडपत्री वर ताणली आणि शुभेच्छा ताडपत्रीमागे गेल्या. वर राहिली म्हातारी बाई, काळीपांढरी. आमच्याकडे याचा एकच अर्थ होतो. मेहकरच्या बसमधून लोकांनी हात जोडले. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली श्रद्धांजल्यांची रांग लागली. वाचून खात्री करण्याची गरज कुणालाही वाटली नाही.

गोजरबाई तेव्हा माझ्या दुकानात स्टुलावर बसून समोर बघत होती. रोजची साडी, गळ्यात काही नाही. लोक थांबत होते, वर बघत होते, 'काय देखनी होती ना बुढी' म्हणत होते, आणि ती ऐकत होती. सगळ्यांची पाठ दुकानाकडे असल्यानं ती कुणाला दिसत नव्हती. मी उठून ओरडून सांगणार होते, तर तिनं माझा हात धरून मला बसवलं.

"थांब ना वं," ती म्हणाली. "पाहू दे थोडं."

मग ज्ञानेश्वर मोटरसायकलवरून आला. त्याला घरी सांत्वनाचे फोन येत होते. मागे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर शिडी. तो आधी प्रसेनजितवर ओरडला, मग माझ्यावर, मग त्याला स्टुलावरची आई दिसली.

"मी सांगतलं होतं ना, लोक हसतीन!"

"कोनी हसलं काय?" गोजरबाईनं विचारलं. "सारे तं रडून राह्यले."

त्यानं शिडी लावली. वर चढला आणि एका कोपऱ्याची दोरी सोडली. फ्लेक्सचा वरचा कोपरा दुमडून खाली आला आणि गोजरबाईचं अर्धं कपाळ झाकलं गेलं. तिनं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते. मला ज्ञानेश्वरचा असा संताप आला की ती शिडी ओढावी.

तेवढ्यात स्टँडवर एक जीप थांबली आणि तिच्यातून बायका रडतच उतरल्या. ग्रुपवरची बातमी पोचून साखरखेर्ड्याहून आलेल्या, गोजरबाईच्या माहेरच्या. त्यांच्या मागून एक उंच, वाकलेला माणूस, गळ्यात मफलर, काखेत कापडाच्या दुकानाची पिशवी. तिचा धाकटा भाऊ, अर्जुनराव. भावाबहिणीत भांडण वगैरे काही नव्हतं. येणं राहून गेलं होतं, इतकंच, आणि राहता राहता कितीतरी दिवाळ्या गेल्या होत्या.

गोजरबाई उठून दुकानाच्या पायरीवर आली. बायकांचा सूर मध्येच तुटला. एकीनं तोंडावर हात ठेवला. अर्जुनराव फ्लेक्सकडे बघत होता, मग तिच्याकडे, पुन्हा फ्लेक्सकडे.

"बाई?" तो म्हणाला.

"पिशवीत काय हाये?"

त्यानं पिशवी मागे घेतली. पण काय आहे ते तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालावी लागते, ती भावानंच आणायची असते. उशीर झाला तर मढं थांबवतात, पण साडी येते. गोजरबाईनं हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही, शेवटी त्यानं पिशवी दिली. तिनं साडी बाहेर काढली. पांढरी, बारीक निळ्या ठिपक्यांची. अंगठ्यानं पोत पाहिला.

"कपडा चांगला हाये," ती म्हणाली. "अर्जुन, दर भाऊबीजेले मी ओवाळाचं ताट करून ठेवतो. सांज झाली का उचलून ठेवतो. आजलोक तुले घर नाही सापडलं. आज बरं सापडलं."

तो मोठा माणूस भर स्टँडवर रडायला लागला. मेलेल्या बहिणीसाठी वाटेत रडला असेल त्याहून जास्त. तिनं त्याला रडू दिलं. साडीची घडी पहिल्यासारखी केली, पिशवीत घातली आणि त्याच्या हातात दिली.

"हे नेऊन ठेव. हे तवाची हाये, तवा आनजो. आता जा आन जित्त्या बहिनीले नेसाले एक घेऊन ये. रंगाची."

अर्जुनरावानं मफलरनं तोंड पुसलं. शिडीवर भाचा अजून दोरी धरून उभा होता. मामानं वर बघितलं.

"ग्यानबा, बांध ते," तो म्हणाला.

मामापुढे कुठला संचालक बोलतो? ज्ञानेश्वरनं दोरी बांधली, खाली उतरला, आणि टपरीवाल्याला सांगून ताडपत्री खाली घेतली. मग सगळ्यांनी एकदाचं ते वाचलं. जीपमधून आलेल्या बायकांना रडावं की हसावं कळेना, त्या चहा प्यायला बसल्या.

कापडाचं दुकान माझ्यापासून तिसरं. अर्जुनराव तिकडे निघाला, अर्ध्या वाटेतून परत आला आणि माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "ताई, आमच्या बाईले रंग कोनता आवडते वं?"

सख्खा भाऊ मला विचारत होता. मलाही माहीत नव्हतं. ज्ञानेश्वरकडे बघितलं, तर तो फ्लेक्सच्या दोरीची गाठ बघायला लागला. शेवटी मीच पायरीवर जाऊन तिला विचारलं.

गोजरबाई समोरच्या आपल्या काळ्यापांढऱ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मले हे कोनी इचारलंच नाही कधी," ती म्हणाली. "थांबा. इचार करू द्या."