पिवळे पट्टे

आमच्या तालुक्यात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की आम्ही प्रामाणिकपणे सांगायचो, झाडं. ते ठीक आहे, पण बघण्यासारखं काय, असा पुढचा प्रश्न यायचा. मग टेहळणी मनोरा दाखवला जायचा. त्यावर चढलं की चारी बाजूंना झाडंच दिसायची, फक्त वरून. तळ्यात पायडल मारायच्या दोन होड्या होत्या, हंसाच्या आकाराच्या. त्यातल्या एका हंसाच्या मानेला एका वजनदार पाहुण्याने फोटोसाठी मिठी मारली आणि मान गेली. तेव्हापासून तो हंस बदक म्हणून चालवला जात होता. प्रतिध्वनी ऐकण्याची एक अधिकृत जागाही होती. तिथे कितीही ओरडलं तरी उत्तर यायचं नाही, कारण आवाज झाडं गिळून टाकायची. लोक तरीही ओरडायचे, जरा वाट बघायचे आणि हलकं वाटून परत जायचे.

एवढ्या भांडवलावर सरकारने आमच्याकडे पर्यटन कार्यालय उघडलं. कार्यालय म्हणजे तळ्याकाठची एक खोली, एक टेबल, भिंतीवर भलत्याच एका तळ्याचा फोटो, आणि पर्यटनबाई. कार्यालय प्रायोगिक होतं. हंगाम संपेपर्यंत माणसं आली तर ते राहणार, नाही आली तर खोलीला कुलूप आणि बाई परत मुख्यालयात. मुख्यालय इथून दिवसभराच्या प्रवासावर.

बाईंना मुख्यालयाचं वावडं नव्हतं. प्रश्न नवऱ्याचा होता. नवरा इथेच वनखात्यात वनपाल. लग्न झाल्यापासून दोघांच्या बदल्या अशा काही होत आल्या होत्या की बदल्या करणाऱ्यांकडे त्यांची पत्रिका होती की काय अशी शंका यावी. तो डोंगरात तर ती शहरात, ती इकडे आली की तो पलीकडे. दोघांचा संसार सुट्ट्यांपुरता, आणि त्यातली निम्मी सुट्टी बसमध्ये. आता कुठे, केस पिकायला लागल्यावर, दोघं एका छपराखाली आली होती. वनपालाची आई म्हणायची, "मी सून आणली तेव्हा माझे दात होते. ती घरी पोचेपर्यंत कवळी आली."

तर अशी ही गोष्ट. माणसं आली पाहिजेत, नाहीतर पुन्हा बस.

या घरात एक नियम होता. दूर असताना दोघं रोज फोनवर बोलायची, आणि बोलायची ती फक्त कचेरीबद्दल. साहेब काय म्हणाला, फाईल कुठे अडली, शिपाई कसा उलटून बोलला. बोलण्याला नवरा-बायकोपणाचा वासही नसायचा. म्हणून एकत्र राहायला लागल्यावर बाईंनी जाहीर केलं की चपला आणि कचेरी, दोन्ही दाराबाहेर. वनपालाने हे इतकं मनावर घेतलं की आज उशीर का झाला असं विचारलं तरी तो "असाच" म्हणायचा. जेवताना दोघं पडद्यांच्या रंगाबद्दल, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलायची. सुखी माणसं याहून वेगळं काही बोलत असतील असं वाटत नाही.

माणसं यावीत म्हणून बाईंनी जंगलात पायवाट आखायचं ठरवलं. तळ्याला वळसा घालून जाणारी, म्हाताऱ्या माणसालाही झेपेल अशी. बाकं, कठडे, 'येथे थांबा व शांतता अनुभवा' अशा पाट्या. वाट चुकू नये म्हणून झाडांच्या खोडांवर रंगाचे पट्टे. रंग जिल्हा भांडारातून मागवला. भांडारपालाकडे एकच रंग होता, पिवळा. रस्त्यांसाठी कुणीतरी कधीतरी पिंपंच्या पिंपं घेऊन ठेवला होता आणि तो संपल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही असा भांडारपालाचा पण होता.

त्याच भांडारातून, त्याच पिंपातून, काही महिने आधी वनपालानेही रंग नेला होता. तळ्याच्या वरच्या अंगाला जुन्या झाडांचा एक भाग तोडीला निघाला होता, आणि कोणतं झाड तोडायचं हे ठरवून त्याच्या खोडाला पिवळा पट्टा मारणं हे वनपालाचं काम. या कामात त्याचा हातखंडा होता. उभ्या नोकरीत त्याची एकही खूण चुकलेली नव्हती, आणि हे तो कुणाला सांगत नसला तरी सगळ्यांना माहीत असावं अशी त्याची अपेक्षा होती.

घरी यातलं कुणीच काही बोललं नाही. नियम म्हणजे नियम.

बाईंनी पट्टे मारायला दोन मजूर लावले होते. काम बघायला गेल्या तेव्हा त्यांना दिसलं की तळ्याच्या टोकाशी वाट वळली तरी पट्टे वळलेले नाहीत, चांगले वर चढत गेलेत. सरकारी कामात सांगितल्यापेक्षा जास्त झाल्याचं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी मजुरांना चहा पाजला. मजुरांनीही कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. तिकडे वनपाल एकदा वरून खाली आला आणि तळ्याकाठच्या कोवळ्या, बारक्या झाडांवर पिवळे पट्टे बघून जागीच थबकला. ही झाडं आपण तोडीला कधी धरली, ते त्याला आठवेना. वय झालं, डोकं चालेनासं झालं, असं त्याने मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप बदाम खायला लागला. आईने बरणीतले बदाम कमी होताना बघितले आणि उंदरांवर संशय घेतला.

वाटेचं उद्घाटन झालं आणि, आश्चर्य म्हणजे, माणसं आली. आली आणि तळ्याच्या टोकाशी पोचली, की बाईंची वाट जिकडे वळते तिकडे वळेनात. तिथले पट्टे फिके आणि बारक्या झाडांवर, तर वरच्या अंगाचे ठसठशीत, कवेत न मावणाऱ्या खोडांवर. माणसं साहजिकच वर जायची. आता तोडीच्या खुणांना वाट नसते. एक पट्टा इथे, पुढचा ओहोळापलीकडे, त्याच्या पुढचा मागेच. पण आपण सूचना पाळणारी माणसं. पट्टा दिसला की त्या झाडापाशी जायचं, हात लावायचा, मग मान वर करून पुढचा शोधायचा. बायका-मुलं, सेवानिवृत्त जोडपी, एकदा तर एका बँकेचा सगळा कर्मचारीवर्ग असा झाडाझाडापाशी जाऊन हात लावून येत होता. काट्यांनी ओरबाडलेली, घामाघूम झालेली माणसं परत आल्यावर अशी हसायची की जणू त्यांना कुणी माफ केलंय. एक सेवानिवृत्त गृहस्थ बाईंच्या टेबलापाशी येऊन म्हणाले की चाळीस वर्षं मी सरळ रेषेत चाललो, मला कुणी सांगितलंच नाही. त्यांच्या बायकोने डोळे पुसले. कशासाठी, ते बाईंना कळलं नाही, पण त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मुख्यालयात बातमी गेली. उपसंचालक फोनवर म्हणाले, छान चाललंय, मी स्वतः बघायला येतो, कार्यालयाचं तेव्हा बघू. त्या रात्री बाईंनी नव्या पडद्यांचा विषय काढला. निळे घेऊ, म्हणाल्या, निळे टिकतात.

वनपालाची आई रोज सकाळी तळ्यापर्यंत फिरायला जायची. नियम तिने केलेला नव्हता, त्यामुळे तो तिला लागू नव्हता. निळ्या पडद्यांवर एकमत होत असताना तिने भाजी वाढून घेतली आणि सुनेला म्हणाली, "अगं, तुझ्या पट्ट्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळे याच्या पट्ट्यांवरून हिंडतायत. आणि त्या तोडीच्या ठेकेदाराची माणसं आज करवती उतरवत होती. सोमवारपासून पाडणार म्हणे. मग माणसं हात कशाला लावणार, खुंटाला?"

जेवण थांबलं. वनपालाने आधी आईकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि बहुधा बदामांबद्दल त्याला वाईट वाटलं असावं.

बाई म्हणाल्या, "ते तुमचे पट्टे आहेत?"

"आणि तळ्याकाठचे तुझे?"

"मला वाटलं मजुरांनी मन लावून काम केलं."

"मला वाटलं मला वेड लागलं."

पुढचा बराच वेळ दोघं इतकं बोलली की इतक्या महिन्यांची कचेरी एकदम घरात घुसली. झाडं गेली तर माणसं बंद, माणसं बंद तर कार्यालय बंद, आणि मग बस. बाईंनी विचारलं, लोकांना ही झाडं आवडतायत म्हणून तोड थांबवता येणार नाही का? वनपालाने समजावलं की झाड कीडकं आहे, पोकळ आहे, उताराला माती धरून आहे, अशी बरीच कारणं चालतात. ते कुणाला आवडतं, हे कारण खात्यात नाही. एकच मार्ग होता. ज्याने खुणा केल्या त्यानेच आपल्या खुणा चुकल्या असं सांगितलं, तर काम थांबतं आणि दुसऱ्या कुणीतरी पुन्हा खुणा करायच्या असतात. दुसरं कुणीतरी मिळायला वर्षं जातात. तोवर खातं साधारण विसरतं.

"पण तुमची एकही चुकलेली नाही," बाई म्हणाल्या. "एकही चुकलेली नाही, हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत तरी मला माहीत आहे."

"चुकलेली नाहीच."

"मग खोटं सांगणार? त्या ठेकेदारासमोर, त्या तुमच्या साहेबासमोर? ज्याला साग आणि बाभूळ ओळखता येत नाही त्याच्याकडून ऐकून घेणार?"

वनपाल ताटातली भाजी कडेला लावत राहिला. मग म्हणाला, "अगं, मी पंधरा वर्षं एकट्याने जेवलोय. झाडं बरोबर ओळखायचो, आणि एकट्याने जेवायचो."

सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. तो नको म्हणत होता तरी.

सकाळी वनपाल साहेबांकडे गेला आणि म्हणाला की आपली नजर पहिल्यासारखी राहिली नाही, वरच्या अंगाच्या खुणांवर आपलाच भरवसा नाही. साहेब दचकले, कारण आपण चुकलो असं त्यांच्या कचेरीत आजवर कुणी कबूल केलं नव्हतं आणि त्यावर काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ठेकेदाराने करवती परत गाडीत टाकल्या आणि जाताना वनपालाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने चष्म्याचं एक दुकान सुचवलं. वनपाल उभा राहून ऐकत होता. त्याच्या मागे ती सगळी झाडं, एकूण एक बरोबर ओळखलेली, उभी होती.

चार-दोन आठवड्यांत साहेबांना सुचलं. ज्याची नजर गेली त्याला जंगलात ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याला टेबलाचं काम द्यावं. टेबलं मुख्यालयात असतात, आणि सगळ्या खात्यांची मुख्यालयं एकाच शहरात. वनपालाची बदली मुख्यालयात झाली.

ही बातमी घरी आली त्या दिवशी निळे पडदे शिवून आले होते. कुणी लावले नाहीत. बाई म्हणाल्या, मी जाऊन सगळं खरं सांगते. वनपाल म्हणाला, खरं सांगितलंस तर झाडं जातील, आणि मग तूही जाशील ते वेगळंच. सासूबाई म्हणाल्या की निदान बस तीच आहे, तिकीटवाला ओळखीचा आहे. वनपाल गेला. मुख्यालयाजवळ त्याला एक खोली मिळाली, जिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची.

तो गेल्यावर उपसंचालक ती पायवाट बघायला आले. तळ्याच्या टोकाशी पोचले, वर वळले, आणि बराच वेळ दिसले नाहीत. परत आले तेव्हा पॅन्ट फाटलेली, कपाळावर कोळ्याचं जाळं, आणि चेहरा लहान मुलासारखा. अप्रतिम, म्हणाले. पाट्या नाहीत, बाकं नाहीत, माणूस नाही, तरी सगळं आपोआप चाललंय. मग ते बाईंच्या टेबलापाशी बसले, खोलीभर नजर फिरवली, भलत्या तळ्याच्या फोटोपाशी थांबले आणि विचारात पडले. बाईंना त्यांचा विचार चेहऱ्यावर उमटताना दिसत होता. जे आपोआप चालतं, त्याला कार्यालय कशाला?

संध्याकाळी बाईंनी वनपालाला फोन केला. दिवसभराच्या टेबलाने त्याचा आवाज जड झाला होता.

"कार्यालय बंद करतायत," बाई म्हणाल्या. "वाट फार यशस्वी झाली म्हणून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पुढच्या महिन्यात मुख्यालयात हजर व्हायचंय."

तिकडे कुठेतरी पंखा खडखडत होता. मग वनपालाने घसा साफ केला.

"इथे माझ्याकडे एकाच बर्नरची शेगडी आहे," तो म्हणाला. "दोन बर्नरची घेऊ?"

बाईंनी फोन छातीशी धरला आणि सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, तीन बर्नरची घे. मी इथे झाडांना हात लावत बसणार नाही."