दाजींची गाडी अजून रुळतेय

चष्म्याच्या दुकानाचे मालक पन्नाशीला आले आणि त्यांना स्पोर्ट्स बाईकचं वेड लागलं. उशिरा लागलेलं वेड जरा जास्तच लागतं. पुढे झुकून बसायची ती लालभडक गाडी त्यांनी दुकानाच्या काचेसमोर आणून लावली. मग गिऱ्हाइकाची नजर तपासताना त्यांची स्वतःची नजर बाहेरच राहू लागली.

अडचण एकच होती. त्यांना वेगाची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे, रिक्षातही डोळे मिटून बसायला लावणारी. गाडी घेण्याआधी हे लक्षात आलं नव्हतं आणि घेतल्यावर सांगायची सोय उरली नव्हती.

पण नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर दमानं घ्यावं लागतं, आतले भाग एकमेकांत रुळावे लागतात, असं कंपनीचंच सांगणं. मालकांना तर आयतंच निमित्त मिळालं. शेजारून एखादा सायकलवाला पुढे गेला, तरी ते मान ताठ ठेवून म्हणत, "गाडी रुळतेय अजून."

मेहुणा मात्र ऐकणाऱ्यातला नव्हता. बायकोचा हा धाकटा भाऊ जन्माचा गाडीवेडा. दर रविवारी यायचा, आधी गाडीचं मीटर बघायचा आणि मग बहिणीची चौकशी करायचा.

"दाजी, हजार झाले की आपली दोघांची शर्यत, तुमची गाडी आणि माझी. नदीकाठचा सरळ रस्ता. होऊनच जाऊ दे."

"होऊ दे की," मालक म्हणत आणि समोरचा चहा गार होई.

हजार भरले. मग मालकांनी आरसे बदलले, मग हँडल, मग सायलेन्सर. प्रत्येक वेळी नवं कारण, नव्या भागाला जरा बसू दे. मेहुणा गालातल्या गालात हसायला लागला. सासरी भित्रा म्हणून नाव होण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, असं मालकांच्या मनात आलं आणि त्यांना रडूच फुटलं. गाडी त्यांना फार आवडत होती.

शेवटी त्यांनी डोकं लढवलं. साखळी ओढणारं पुढचं दातेरी चाक लहान बसवलं, की इंजिन ओरडतं जास्त आणि गाडी पळते कमी. आवाज वाघाचा, चाल शेळीची. जन्म भिंगांच्या गणितात गेलेला माणूस तो. त्यांनी कागदावर वेग किती उतरेल ते मांडलं, दोन दाते कमी असलेलं चाक आणलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमचा स्क्रू बसवावा तसा श्वास रोखून, स्वतःच्या हातानं बसवलं.

गणित बरोबर होतं, पण अर्धंच. कमी होतो तो गाडीचा टोकाचा वेग. सुटताना तीच गाडी भलतीच ओढ घेते.

रविवारी नदीकाठी दोन्ही गाड्या शेजारी लावून मेहुण्यानं एक, दोन, तीन म्हटलं आणि मालकांनी निर्धास्त मनानं, आवाज चांगला निघावा म्हणून, मूठ पूर्ण पिळली. गाडीचं पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. मालक हँडलला लोंबकळले म्हणा ना. चाक खाली टेकलं तेव्हा मेहुणा कुठल्या कुठे मागे राहिला होता. पुलाजवळ त्यांनी कशीबशी गाडी थांबवली, पण बोटं मुठीवरून सुटेनात.

मेहुणा मागून आला आणि त्यानं आपली गाडी शेजारी लावली. "मानलं दाजी. चाक उचलून गेलात की."

"घाबरलो होतो रे. अजून घाबरलोय. मला वेगाची भीतीच वाटते."

मेहुणा खो खो हसला. "एवढा विनय बरा नव्हे, दाजी."

खऱ्याला गिऱ्हाईकच मिळेना. संध्याकाळपर्यंत सगळ्या सासरवाडीत दाजींचा पराक्रम पोचला.

घरी मालक आखडलेली बोटं कोमट पाण्यात बुडवून बसले होते. बायकोनं त्यात आणखी गरम पाणी ओतलं.

"तो सांगत होता, तुम्ही घाबरल्याचं नाटक केलंत."

"नाटक नव्हतं."

"माहीत आहे मला. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"गाडी पुसताना तुम्ही गुणगुणता. इतक्या वर्षांत मी तुम्हाला गुणगुणताना ऐकलं नव्हतं."

मालकांनी पाण्यातून बोटं बाहेर काढली. मग त्यांनी त्या लहान चाकाचा सगळा पराक्रम सांगून टाकला. ती ऐकून घेत होती आणि एकदाही हसली नाही.

"उद्या आधी ते चाक बदला," ती म्हणाली, "आणि मग मला मागे बसवून न्या. एकट्यानं किती दिवस घाबरणार?"