पाणफणीची पहिली खाच

मी एक जुनी फणी आहे. पण मित्रांनो, माझ्या दातांतून कधी केस फिरले नाहीत. माझ्या दातांतून आजवर फिरलं ते फक्त पाणी.

सहारा वाळवंटातल्या तिनझार गावात, भुयाराच्या तोंडाशी, मी आडवी बसवलेली होते. अंगानं दगडी, रंगानं राखाडी. वरच्या उजाड पठाराच्या पोटातून एक भुयार गावापर्यंत येतं. इथे त्याला फोगारा म्हणतात. भुयारात उतरायला खणलेल्या विहिरींची तोंडं पठारावर एका ओळीत दिसतात. एखादी म्हातारी काठी टेकत गेली असावी आणि तिच्या काठीच्या खुणा मागे राहिल्या असाव्यात, तशी. पाणी त्या अंधारातून हळूहळू चालत येतं आणि माझ्यापाशी पहिल्यांदा ऊन बघतं. तिथे मी त्याची बोटं करते. एकेक बोट एकेका बागेकडे जातं.

मला घडवलं इदिर पाथरवटानं. त्याची एक रीत होती. कुणाच्याही वाट्याची खाच कापायची, तर तो माणूस समोर बसलेला हवा. खाच पुरी झाली की मालक तिच्यात हात घाली आणि म्हणे, “माझं मला पोचलं.” कुणाची खाच बोटाएवढी, कुणाची मुठीएवढी. आणि ठरलं असं, की ज्या दिवशी मला उचलायची वेळ येईल, त्या दिवशी प्रत्येकानं पुन्हा आपल्या खाचेत हात घालून हेच म्हणायचं. एकही हात मागे राहिला, तर फणी हलणार नाही.

नवख्याला आमचं गाव उलटं वाटतं. घरं सगळी वर, तापल्या कड्यावर, जिथे सावलीही उभी राहत नाही. आणि खाली, गारव्यात, खजुरीच्या बागा. पण जिथे पाणी पोचतं तिथे भिंत घालणं म्हणजे भरल्या ताटात पाय ठेवणं. पाणी जाईल तिथे झाड, न जाईल तिथे माणूस. बागांच्या खाली मिठाचं पांढरं रान आणि त्यापलीकडे वाळूचे डोंगर. माणसाला राहायला उरते ती मधली एवढीशी पट्टी.

आणि ती पट्टीसुद्धा एका जागी थांबत नाही. भुयारातलं पाणी खोल गेलं की भुयाराचा तळ खोदावा लागतो. तळ उतरला की तोंड उतरतं, तोंड उतरलं की बागा उतरतात. मग बागांमागून गावही. कड्याच्या वर आजही जुन्या तिनझारच्या पडक्या भिंती आहेत. त्यांना दारं नाहीत, कारण लाकूड इथे कोण टाकून जातो? पाण्यावर आलेल्या बायका गात असत, 

पाणी निघालं खाली, माघारी नाही येत,
गाव निघालं मागं, दार डोक्यावर घेत.

गाणं माझ्या कानावरून पुष्कळदा गेलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला लल्ला यामनामुळे कळला.

यामना फराजीची विधवा. इथे वयस्कर बाईला मानानं लल्ला म्हणतात. माझी पहिली खाच तिची आणि बागांमध्ये सगळ्यांत उंचावरची बागही तिची. पाणी सर्वांत आधी तिच्या पाटात उतरे. तिच्या सासूला याचा इतका तोरा होता की ती म्हणायची, “आम्ही उष्टं पाणी पीत नाही.” खजुरीची झाडं फराजीनं लावलेली, आणि यामनानं त्यांना नावं ठेवलेली. एक थोरली, एक रुसकी, एक लग्नातली.

सगळ्यांत खालची बाग हम्मूची, मिठाच्या रानाला लागून. त्याला पाणी सर्वांत शेवटी मिळे आणि बोलायचं मात्र सर्वांत आधी असे.

“लल्ला, कांद्यांना पोहायला शिकवतेस का ग? सोड की थोडं खाली!”

“अरे हम्मू, तुझ्यापर्यंत येता येता पाणी म्हातारं होतं. त्याला मी काय करू?”

दोघं हसत. मीही मनात हसे. ते माझे भाग्याचे दिवस होते, मित्रांनो. नवरी मुलगी सासरी जाण्याआधी माझ्यापाशी पाय धुई. पाहुणे आले की त्यांना आधी मला दाखवत आणि म्हणत, “आमच्याकडे पाण्यावरून भांडण होत नाही. ही होऊ देत नाही.”

मग पाणी बारीक होऊ लागलं. एका हिवाळ्यात माझ्या टोकाच्या खाचा नुसत्या ओलसर राहिल्या. हम्मूचे जव पिवळे पडले. पाणी मोजणारा बा सालम भुयारात जाऊन आला आणि सगळे मालक माझ्याभोवती जमले.

“तळ खोदायला हवा,” बा सालम म्हणाला. “म्हणजे ही फणी हातभर खाली जाणार.”

“आणि माझी बाग?” यामनानं विचारलं.

बा सालमनं तिच्या उंचावरच्या पाटाकडे बोट केलं.

“पाणी चढत नाही, लल्ला.”

“मग शिकवा त्याला! एवढे बाप्ये आहात ना?”

“तुझा वाटा कुठे जात नाही,” बा सालम समजावू लागला. “तेवढीच खाच नव्या जागी. आणि जमीन मिळेल, खाली, हम्मूच्या शेजारी.”

“मिठाच्या काठावर? तिथे फराजीच्या हातचं एक तरी झाड आहे का?”

सगळ्यांनी आपापल्या खाचेत हात घातला. हम्मूनंही. यामनानं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही, कुणी रागावलं नाही. रीत म्हणजे रीत. फणी हलली नाही.

तिचा मुलगा कद्दूर दूर उत्तरेला, समुद्रकाठच्या शहरात कामाला होता. तो तिला फोन करी. ती बहुतेकदा माझ्या काठावर बसूनच बोले, कारण पाण्यापाशी तिचा जीव शांत असे.

“आई, ये ग इकडे. इथे नळ आहे. फिरवला की पाणी.”

“कुठून येतं ते?”

“मला काय माहीत!”

“मग ते पाणी माझ्या ओळखीचं नाही बाबा.”

फोन ठेवल्यावर ती मात्र बराच वेळ माझ्या पहिल्या खाचेकडे बघत राही. माझी भीतीही तीच होती, मित्रांनो. फणी उतरली तर यामनाची बाग जाणार, आणि न उतरली तर सगळंच गाव.

एका दुपारी, सारं गाव दारं लोटून पडलेलं असताना, यामना आली. तिच्या ओच्यात मळलेली माती होती. तिनं इतरांच्या खाचांमध्ये मातीचा बोटभर उंबरा घातला. पुरत्या बुजवल्या नाहीत. तेवढं तिच्या हातून झालंच नसतं. माझ्या पहिल्या दाताभोवती मात्र तिनं जाड लेप दिला, कुठून थेंब निसटू नये म्हणून. पाणी तुंबलं, फुगलं आणि तिच्या पाटात खळाळत उतरलं. ती धावत बागेकडे गेली. झाडांना सांगत असावी, बघा, पोचतंय की!

पण तुंबलेलं पाणी मागेही सरकतं, हे ती त्या घडीला विसरली. भुयाराच्या ज्या भिंतीला ओलीची सवय नव्हती, ती भिजली. दुसऱ्या दिवशी उजाडताना आत कुठेतरी धप्प असा आवाज झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कोरडी पडले. ती शांतता मला अजून आठवते. ऐकू येत होत्या फक्त माश्या.

लोक धावत आले. बा सालमनं माझ्या खाचांमधली माती नखानं उकरली, बोटांत चोळली आणि टाकून दिली. अशी लोण्यासारखी माती गावात कोण मळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. हम्मूनं कमरेला दोर बांधला आणि माझ्या जवळच्याच विहिरीतून तो खाली उतरला. यामना तिथे येऊन उभी राहिली होती. तिनं पुढे होऊन दोराला हात घातला. ‘तू नको’ असं कुणी म्हणालं नाही.

आतून खोदल्याचा आवाज येत होता. मग पुन्हा तसंच धप्प झालं. दोर सैल पडला.

“हम्मू!” यामना विहिरीच्या तोंडावर वाकली. “हम्मू रे! अरे, बोल काहीतरी! टोमणा तरी मार!”

खालून काहीच नाही. मग खोकला आला. मग आवाज.

“लल्ला, माती मळण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही ग! इथे ढेकळं पडतात, आणि तुझा उंबरा अजून जागचा हलला नसेल, पैज लाव!”

वर सगळे हसले. यामना हसली नाही. तिनं तोंडात पदर कोंबला आणि दोर मात्र सोडला नाही.

दुपार कलताना पाणी आलं. लाल, गढूळ, पण आलं. सगळ्यांच्या आधी यामना माझ्यापाशी बसली. मातीनं माखलेला हात तिनं पहिल्या खाचेत घातला.

“माझं मला पोचलं,” ती म्हणाली. “उचला.”

तिच्या मातीचा लेप माझ्या पहिल्या दाताभोवती वाळून दगड झाला होता. मला उचललं, तेव्हा तो दात जागेवरच राहिला. बा सालमनं तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. “दात पडलेली फणी न्याय करत नाही,” तो हळूच म्हणाला. भुयाराचा तळ खोदला गेला, खाली नवी फणी बसली आणि मी काठावर पडून राहिले.

मित्रांनो, कोरडं राहणं काय असतं ते मला विचारा. शेळ्या माझ्यावर अंग घासत. पोरं माझ्यावर खजुराच्या बिया फोडत. पाहुण्यांना नवी फणी दाखवत आणि मला ओलांडून जात. ज्यांची मुठीएवढी खाच मी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, तेही.

पण माझ्या जागेवरून मला यामनाची बाग दिसत असे. तिथे पाणी येणं थांबलं होतं. एका सकाळी गाव कुदळी घेऊन तिथे आलं. खजुरीच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात ना, ती त्यांनी आईपासून हळूच सोडवली, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि खाली नेली. यामना पुढे चालत होती, “अरे, रुसकीचं पिल्लू आहे ते, नीट धर” असं ओरडत. हम्मूनं आपल्या बागेतली वाऱ्याच्या आडोशाची पट्टी तिला दिली आणि वाळू अडवायला स्वतः झावळ्यांचं कुंपण घातलं.

तिच्या जुन्या बागेत आता पाणी पोचत नव्हतं. म्हणजे आता तिथे भिंत घालता येत होती. वाळलेल्या थोरलीच्या खोडाचं तिच्या नव्या घराच्या छपराला आढं झालं. कड्यावरच्या घराचं दार यामनानं डोक्यावर घेतलं आणि ती उतरून आली. मागून बायका तेच गाणं म्हणत होत्या.

त्यानंतर ती मला न्यायला आली. सोबत हम्मू होता, कपाळाला आठ्या घालून.

“ही कशाला? दात पडलाय हिचा.”

“माझे तरी किती उरलेत?” यामना म्हणाली. “उचल.”

आज मी तिच्या नव्या बागेत, तिच्या हौदाच्या तोंडाशी आहे. सगळ्यांचं वाटून झाल्यावर एकच बारीक बोट इथपर्यंत येतं. मी त्याची पुन्हा बोटं करते आणि एकेका पिल्लाच्या आळ्यात सोडते. थोडं मीठ त्यांना चालतं, माणसांसारखंच. तुटलेल्या दाताची खाच रुंद झाली आहे. तिच्यातून न्याय होत नाही. ती यामनानं हम्मूच्या जवाकडे वळवली.

पहिल्या दिवशी हम्मू हौदाच्या काठावर बसून म्हणाला, “काय लल्ला, उष्टं पाणी कसं लागतं?”

“खारट,” ती म्हणाली. “आणि त्यातलं अर्धं तुझ्या घशात चाललंय. गप पी.”

मग तिनं माझ्या रुंद खाचेत हात घातला आणि हम्मूकडे बघत राहिली. त्याला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यानंही तिच्या हाताशेजारी आपला हात घातला.

“आमचं आम्हाला पोचलं,” दोघं म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या गावाचं पाणी कुठून येतं ते एकदा चालत जाऊन बघा. वाटेत एखादी जुनी, दात पडलेली फणी दिसली, तर तिला ओलांडून जाऊ नका. खाली बसा, तिच्या खाचेत हात घाला. आणि तुमच्यानंतर पाण्यावर कोण येणार आहे, त्याला तेवढं एकदा मागे वळून बघा.