रिकामी बसलेली चिप

रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला सगळे वहिनीच म्हणत. तिची नणंद डोंगरापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर होती आणि फोन केला की "वहिनीला द्या" एवढंच म्हणायची. त्या सकाळीही तिचाच फोन आला.

"वहिनी, इथून हृदयाची सोनोग्राफी पाठवतेय, पण तुमच्या तज्ज्ञ बाईंना ती अडखळत दिसते. तुझं ते कुलूप काढ बघू."

कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. रुग्णाची चित्रं वाटेत कुणाला बघता येऊ नयेत म्हणून दवाखान्यातला छोटा राउटर माहितीचं प्रत्येक पाकीट सांकेतिक करून धाडायचा, आणि त्यातच त्याचा प्रोसेसर मेटाकुटीला यायचा. विभागप्रमुखही म्हणाले, "तात्पुरतं बंद करून टाका."

"नको," वहिनी म्हणाली. "राउटरमध्ये नेमकी याच कामाची वेगळी चिप आहे. आपली ऑपरेटिंग सिस्टीम तिला ओळखतच नाही, म्हणून ती नुसती बसून आहे. मी तिला कामाला लावते."

तिनं चिपशी बोलणारा प्रोग्राम लिहून सिस्टीममध्ये बसवला. चाचणी घेतली, तर वेग आधीपेक्षाही कमी. शेजारचा सहकारी कशावरही वाद घालायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. तो खुर्ची ओढत आला.

"चिपनं वेग वाढायचा नाही, मी म्हटलंच होतं, वहिनी."

"म्हटलं होतंस. आता घोडं कुठे पेंड खातंय ते बघू."

दोघं कामाला लागले. गोम सापडली ती साधीच होती. प्रोसेसर एक पाकीट चिपच्या हाती द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत हात बांधून उभा राहायचा. चिप झटपट काम उरकायची, वेळ जायचा तो देण्याघेण्यात. वहिनीनं पाकिटं घाऊक द्यायला लावली. चिपचं काम होईस्तोवर प्रोसेसरनं आपली बाकीची कामं करायची, झालं की चिपच त्याला हाक मारणार. मग पाकिटांचा क्रम बिघडू लागला. तिनं तेही निस्तरलं.

नवा प्रोग्राम दवाखान्यात चढवला त्याच दुपारी नणंदेकडे निळसर पडलेलं तान्हं बाळ आलं. इकडे पडद्यावर त्याचं हृदय न अडखळता धडधडू लागलं. तज्ज्ञ बाई पुढे वाकल्या आणि फोनवर नणंदेला म्हणाल्या,

"हृदयाजवळची बारीक रक्तवाहिनी मिटत चाललीय, आणि बाळ तिच्यावरच तगून आहे. उघडी ठेवायचं औषध आहे ना? लगेच सुरू करा आणि बाळाला इकडे आणा."

तेवढ्यात वकिलानं वाटेतली माहिती तपासली. निव्वळ गिचमीड अक्षरं. एकही चित्र उघडेना. "कुलूप शाबूत आहे," तो म्हणाला, "आणि यावर माझा काही वाद नाही."

विभागप्रमुखांनी तिथल्या तिथे सगळ्या दवाखान्यांसाठी हाच प्रोग्राम मंजूर केला.

संध्याकाळी अँब्युलन्स आली तेव्हा वहिनी दारात उभी होती. बाळाच्या ओठांवर गुलाबी रंग परतला होता. शस्त्रक्रियेचं पथक त्याला आत घेऊन गेलं. पाठोपाठ नणंद उतरली आणि वहिनीच्या गळ्यात पडली.

"वाचेल म्हणतायत," ती म्हणाली.

"ऐकलं मी," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.