जाळं कुणी धरायचं

थिम्बल तळ्यावर शहरातली माणसं येत नाहीत. त्यांना मोठी तळी लागतात, काठावर हॉटेलं लागतात, होडीला दोन-दोन इंजिनं लागतात. थिम्बलच्या काठाला होडी उतरवायला एक सिमेंटचा उतार, एक सरकारी पाटी आणि एक लाकडी संडास, संपलं. पण तळं सगळ्यांचं. वसंतात सरकारी टँकर येऊन ट्राउट मासे सोडून जातो, ते महिन्याभरात गावकरी तळून खातात आणि उरलेसुरले मस्की नावाच्या मोठ्या माशाच्या पोटात जातात. उन्हाळाभर शेवाळाच्या कडेकडेनं बास मासा लागतो. बास पकडण्यात काही मोठेपणा नाही, तो पोराटोरांच्याही गळाला लागतो. पानं गळायला लागली की मग मस्कीचे दिवस येतात, आणि निम्मा गाव कामाला दांडी मारतो.

मस्कीची गोष्टच न्यारी. माणसाच्या कमरेच्याही वर जाईल एवढा लांब, तोंडात सुयांसारखे दात, आणि स्वभावानं महाखट्याळ. दिवसभर गळ फेका, तो होडीपर्यंत मागं मागं येईल, तुमच्याकडे बघेल आणि निघून जाईल. सापडलाच तर मोजायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मारून खाल्लात तर गावात तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. मग पकडायचा तरी कशाला, असं विचारणारा बाहेरचा असतो, त्याला आम्ही उत्तर देत नाही.

एल्रॉय टेशचं गावात नाव होतं ते जाळ्यासाठी. मस्की गळाला लागणं वेगळं आणि होडीत येणं वेगळं, मधलं सगळं लांब दांड्याचं जाळं धरणाऱ्याच्या हातात. एल्रॉय उभा जन्म बर्फ ढकलायची सरकारी गाडी चालवत आला, आणि सुट्टीच्या दिवशी मेहुण्याच्या होडीत जाळं धरत आला. मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा, अर्लिसचा, धाकटा भाऊ, नॉर्बर्ट वाँटा, गावातला गॅरेजवाला. नॉर्बर्टनं गळ फेकायचा, एल्रॉयनं जाळं धरायचं, हे एल्रॉयच्या लग्नापासून ठरलेलं. "जाळं माशाकडे न्यायचं नसतं, मासा जाळ्याकडे यावा लागतो," असं तो सांगायचा. पाण्यात जाळं बुडवून तो असा निश्चल उभा राहायचा की बघणाऱ्याला वाटावं, झोपलाबिपला की काय. आणि मासा डोकं पुढं करून आत शिरला की खटकन वर.

नॉर्बर्टच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. दिवसभर त्याचा पट्टा चालू. "अरे टोणग्या, डावीकडे." "डोळे उघडे ठेवून झोपतोस का रे?" "माझ्या बहिणीनं तुझ्यात काय बघितलं, देव जाणे." एल्रॉय बोलायला कमी, पण एखादं वाक्य असं टाकायचा की नॉर्बर्ट दोन मिनिटं गप्प. दोघांना ऐकून नव्या माणसाला वाटायचं, आता मारामारी होणार.

दोन हिवाळ्यांपूर्वी एल्रॉयचा उजवा हात थरथरायला लागला. मग डावा. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. सूप चमच्यातून सांडायला लागलं, गाडी चालवणं बंद झालं, शर्टाची बटणं अर्लिस लावायला लागली. हे सगळं त्यानं गिळलं. एक गोष्ट मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. नॉर्बर्ट गोड बोलायला लागला.

"बस, बस, मी करतो." "थंडी नाही ना वाजत?" "कॉफी ओतून देऊ का?" एकदा तर तो एल्रॉयला "थँक यू" म्हणाला. मेल्यावर माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात, ते इथं जिवंतपणीच सुरू झालेलं. मेहुण्याची शेवटची सणसणीत शिवी कधी खाल्ली, ते एल्रॉयला आठवेना.

त्यात शुक्रवारी संध्याकाळी गावच्या बारमध्ये तळलेले मासे खाताना अर्लिस सहज बोलून गेली, "पुढच्या शनिवारी ट्रॅव्हिस जाणारे म्हणे तुमच्याबरोबर. जाळं धरायला."

"कोण ट्रॅव्हिस?"

"गॅरेजात नॉर्बर्टच्या हाताखाली आहे तो. नॉर्बर्ट म्हणत होता, एल्रॉयला जरा आराम. नुसतं बसून मजा बघेल."

एल्रॉयनं कोबीची कोशिंबीर बाजूला सारली. पुढचा शनिवार म्हणजे हंगामाचा शेवटचा, त्यानंतर तळं गोठणार. आणि नुसतं बसून मजा बघायला माणसं टीव्हीपुढं बसतात, होडीत नाही. म्हणजे उद्याचा शनिवारच काय तो हातात होता. उद्या जाळं नीट धरून दाखवलं तर ट्रॅव्हिस गॅरेजातच राहणार. नाहीतर एल्रॉय टेश यापुढं होडीतलं एक गाठोडं.

शनिवारी सकाळी अर्लिसनं त्याला उतारावर सोडलं आणि दुपारी घ्यायला येते म्हणून ती गेली. नॉर्बर्टनं होडी पाण्यात लोटली होती. आसनावर त्यानं एक उशी ठेवलेली.

"हे काय?" एल्रॉयनं विचारलं.

"उशी. पाठीला बरी."

"तुझ्या पाठीला घे."

नॉर्बर्टनं उशी उचलून आपल्या आसनावर ठेवली. पूर्वीचा असता तर म्हणाला असता, माझी पाठ शाबूत आहे, हवं तर तुझ्या बहिणीला विचार. एल्रॉयला बहीणच नव्हती, पण नॉर्बर्टला तेवढ्यानं फरक पडला नसता.

सकाळ कोरडी गेली. एल्रॉयनंही गळाची काठी घेतली होती, पण त्याचा गळ होडीपासून चार हातांवर पडायचा आणि शेवाळात अडकायचा. प्रत्येक वेळी नॉर्बर्ट होडी मागं घेऊन तो सोडवून द्यायचा, हसतमुखानं. तिसऱ्यांदा अडकला तेव्हा एल्रॉय मुद्दाम म्हणाला, "तुझ्याच्यानं होडी सरळ ठेववत नाही, म्हणून अडकतोय."

"हो, असेल. वारा आहे जरा," नॉर्बर्ट म्हणाला.

वारा कसला न् काय, तळं ताटलीसारखं सपाट होतं. एल्रॉयनं काठी गुंडाळून ठेवली. त्याला रडू आलं असतं, इतका त्याला राग आला होता.

जेवणाच्या सुमारास खडकांच्या रांगेपाशी ते घडलं. आमिष ओढत होडीपाशी आणलं तरी ते लगेच वर काढायचं नसतं. काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा गिरवत राहायचं, कारण मस्की मागं असला तर तो तिथंच झडप घालतो. नॉर्बर्ट सवयीनं आकडा गिरवत होता. दुसऱ्या वळणावर होडीखालून एक लांबलचक, पिवळट, पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी सावकाश वर आलं, तोंड उघडलं आणि मिटलं. काठी पार वाकली.

"आयला!" नॉर्बर्ट ओरडला. "बाप आहे, एल्रॉय, बाप! थिम्बलमध्ये एवढा असेल असं वाटलं नव्हतं!"

काठीवरचं दोरीचं रीळ किंचाळायला लागलं. एल्रॉय उठून उभा राहिला. आणि नॉर्बर्टनं ते केलं, जे त्यानं करायला नको होतं. त्यानं काठी एल्रॉयच्या पुढं धरली.

"घे. धर. तुझा मासा."

आमच्याकडे ज्याच्या गळाला मासा लागला, त्याच्याच हातात काठी राहते. बायको असो, सख्खा भाऊ असो, मध्येच काठी कुणी कुणाला देत नाही. दिली तर मासा कुणाचाच राहत नाही. देतात फक्त पाच वर्षांच्या पोराला, नाहीतर शिकागोहून आलेल्या पाहुण्याला, हौस म्हणून.

"काय बघतोस? घे ना, कोण बघतंय इथं?"

"काठी नीट धर," एल्रॉय म्हणाला. त्याचा आवाज हातांपेक्षा जास्त कापत होता. "तुझ्या गळाला लागलाय, तुझा मासा. मी काय पाहुणा आहे?"

"अरे, पण..."

"नॉर्बर्ट, काठी धर!"

आणि त्यानं जाळं उचललं.

मासा दोनदा तळाशी गेला, एकदा अख्खा पाण्याबाहेर आला आणि पालथा आपटला. नॉर्बर्टच्या कपाळावर घाम. अखेर तो दमला, कुशीवर झाला आणि हळूहळू होडीकडे यायला लागला. एल्रॉयनं गुडघे होडीच्या कडेला टेकले, जाळं पाण्यात बुडवलं आणि श्वास धरला. थांब म्हणून हातांना सांगितलं. हात कधी कुणाचं ऐकतात? जाळ्याचं कडं होडीच्या पत्र्यावर वाजायला लागलं. खडखडाट ऐकून मासा दचकला आणि पुन्हा खाली गेला.

"जाळं मी घेऊ का एका हातानं?" नॉर्बर्टनं हळूच विचारलं.

"आण त्याला."

दुसऱ्यांदा मासा आला. डोकं पुढं, सरळ, हवा तसा. आता फक्त थांबायचं होतं. पण एल्रॉयला थांबवेना. आणखी एक क्षण हात धीर धरतील याची त्याला खात्री नव्हती, म्हणून त्यानं जाळं माशाकडे नेलं. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. जबड्याबाहेर लोंबणारा गळाचा आकडा जाळ्याच्या बाहेरच्या दोरीत अडकला. मासा अजून अर्धाही आत नव्हता. त्यानं एकच हिसडा मारला, अंगाभोवती पूर्ण गिरकी घेतली आणि सुटला. क्षणभर तो तिथंच तरंगत राहिला, हात लावता येईल इतका जवळ. मग शेपटी हलली आणि खाली फक्त हिरवं पाणी उरलं. आमिष जाळ्याला लोंबत होतं.

एल्रॉय जाळ्याकडे बघत होता. त्याला पक्कं ठाऊक होतं चूक कुणाची ते. तो शिव्यांची वाट बघत होता.

नॉर्बर्टनं काठी ठेवली. टोपी काढून पुन्हा घातली. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यावर ते हसू आलं.

"असू दे," तो म्हणाला. "व्हायचंच. छान झुंज दिली ना? चल, कॉफी घेऊ."

आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा गेला आणि हा माणूस कॉफी घेऊ म्हणतो. म्हणजे याच्या लेखी आपण संपलो. माती दिल्यासारखंच झालं.

"तू डोकं आधी उचललंस," एल्रॉय म्हणाला.

थर्मासचं झाकण फिरवता फिरवता नॉर्बर्ट थांबला. "काय?"

"माशाचं डोकं. आधी उचललंस. घाई केलीस, म्हणून गेला. तुला काही मस्की खेळवता येत नाही."

"मी? मी घाई केली?"

"मग काय मी?"

"मी घाई केली!" नॉर्बर्टनं थर्मास आपटला. "अरे गाढवा! अरे ठार आंधळ्या! ताटात वाढून दिला होता मी तो मासा तुला, ताटात! तू भाला मारल्यासारखं जाळं खुपसलंस! ‘मासा जाळ्याकडे यावा लागतो’ म्हणे! इतकी वर्षं आमची डोकी खाल्लीस आणि आज काय केलंस? आं? तुझ्या नानाची टांग! माझ्या जन्मातला मासा होता तो, टोणग्या! आणि वर तोंड करून मलाच शिकवतोस?"

"डोकं आधी उचललंस," एल्रॉय पुन्हा म्हणाला.

त्यानंतर नॉर्बर्ट जो सुटला तो थांबेचना. होडी वळवताना, खडक ओलांडताना, सगळं तळं पार करताना तो बोलतच होता. दोन हिवाळ्यांचं साचलेलं होतं. सपाट पाण्यावरून आवाज लांब जातो, त्यामुळे उतारावर गाडी घेऊन उभ्या असलेल्या अर्लिसला होडी दिसायच्या आधी शिव्या ऐकू आल्या.

"नॉर्बर्ट!" होडी टेकताच ती खेकसली. "जनाची नाही, मनाची तरी ठेव! आजारी माणसाला बोलतोस?"

"आजारी? हात आजारी आहेत त्याचे! अक्कल कुठं गेली होती? आणि वर मलाच म्हणतो, डोकं आधी उचललंस!"

"उचललंच होतंस," एल्रॉय म्हणाला.

नॉर्बर्टनं टोपी जमिनीवर आपटली. "ऐकलंस? ऐकलंस ना? बास झालं! या माणसानं यापुढं जाळ्याला हात लावायचा नाही. जन्मात नाही! ट्रॅव्हिस धरेल, ट्रॅव्हिस! आणि तू," तो एल्रॉयकडे वळला, "तू मागं बसून मोटर धर. तेवढं तरी जमतंय का बघू. खडकावर घातलीस ना होडी, तर तिथंच खाली उतरवीन. ये पोहत!"

एल्रॉयला ते लागलं. जाळं गेलं होतं, कायमचं गेलं होतं, आणि जायलाच हवं होतं हे त्यालाही कळत होतं. इतकं दुखेल असं मात्र वाटलं नव्हतं. त्यानं वाकून नॉर्बर्टची टोपी उचलली, थरथरत्या हातानं माती झटकली आणि पुढं केली.

"किती वाजता?"

"उजाडायला! आणि उशीर केलास तर सोडून जाईन, सांगून ठेवतो!" टोपी हिसकावून नॉर्बर्ट होडी ओढायला गेला.

गाडीत अर्लिसनं त्याच्या छातीवरून पट्टा ओढून लावला. तिचे ओठ रागानं आवळलेले होते. "आज रात्री फोन करते त्याला," ती म्हणाली. "चांगला खडसावते. माणसानं माणसाशी असं बोलायचं असतं का?"

"नको," एल्रॉय म्हणाला. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं होतं, कारण डोळे वाहत होते आणि पुसायला हात उचलला तर तिला दिसलं असतं. "अर्लिस, तुला हात जोडतो. त्याला एक अक्षर बोलू नकोस."